अकरावी अट

माझा हात लवकर उठतो. आई म्हणायची, हा बोलायच्या आधी मारायला शिकला. बदनापूरच्या शाळेत मी एका पोराचा दात पाडला, कॉलेजात एकाचं नाक फोडलं, आणि इंजिनिअर होऊन पोटापाण्याला लागलो तरी खोड गेली नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच. पण आज सांगायचंय ते मी कुणाला मारलं त्याबद्दल थोडं, आणि एका दुपारी मी कुणालाच मारलं नाही, जिथं चढवायला हवा होता तिथं आवाजसुद्धा चढवला नाही, त्याबद्दल जास्त आहे.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये मी प्रोजेक्ट सांभाळायचो. शेतमालाची यंत्रं आम्ही बनवायचो. ऑर्डर आली की लोखंडाची कापाकापी सुरू करायच्या आधी मी गिऱ्हाइकाकडे जाऊन बसायचो आणि एकच गोष्ट ठरवायचो: मशीन काय काय करून दाखवेल तेव्हा तुम्ही ती ताब्यात घ्याल? त्या अटींची यादी करायची, प्रत्येक अट कशी तपासायची ते लिहायचं आणि महत्त्वाप्रमाणे नंबर टाकायचे. वरच्या सात अटी चाचणीच्या दिवशी पास झाल्याच पाहिजेत. त्याखालच्या, मशीन चालू झाल्यावर महिनाभरात. असा आमच्या वर्कशॉपचा नियम.

लोकांना वाटतं हे कागदी काम आहे. मला विचाराल तर मारामारीच्या इतक्या जवळचं दुसरं काम नाही. प्रत्येकाला आपलीच अट वर हवी असते. बदनापूरच्या एका डाळमिलवाल्यानं माझ्यावर खुर्ची फेकली होती, मी तीच उचलून त्याच्यावर फेकली. मग आम्ही चहा प्यालो आणि सात अटी अर्ध्या तासात ठरल्या. मला असली माणसं आवडतात.

पिंपळगाव रेणुकाईची बैठक चार-पाच वर्षांपूर्वीची. तिथल्या शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली होती आणि त्यांना वाळलेल्या लाल मिरचीचे देठ काढायची मशीन हवी होती. तोवर ते काम बाया हातानं करायच्या. दिवसभर देठ खुडून बोटं अशी पेटतात की संध्याकाळी भाकरी थापायला पाण्यात हात घातला की डोळ्यांतून पाणी येतं. म्हणून बाया बोटांना तेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळतात. आमच्या मशीनमध्ये दोन लोखंडी रूळ एकमेकांना खेटून उलटसुलट फिरतात. वरून मिरची सोडली की देठ रुळांच्या फटीत सापडतो आणि तुटून खाली जातो, मिरची पुढे घरंगळते. मिरची सोडायला तोंडाशी माणूस लागतो.

बैठक कंपनीच्या शेडमध्ये होती. बारा-तेरा पुरुष सतरंजीवर आणि दाराशी पोत्यावर एक बाई. चाळिशीची, देठ खुडणाऱ्या बायांची म्होरकी. मशीनवर जे बसणार त्यांनी बैठकीला हजर पाहिजे असा माझा आग्रह असायचा, म्हणून मीच तिला बोलावलं होतं. तिच्या बोटांना तेव्हाही चिंध्या होत्या. ती कामावरून उठून आली होती.

सुरुवात अध्यक्षांनी केली. सत्तरीचे, पांढरीफेक टोपी, गावात शब्दाला वजन. त्यांची अट अशी की मशीनचं तोंड पूर्वेला पाहिजे, देवीच्या देवळाकडे. देवीकडे पाठ करून धंदा करायचा नाही. त्यांच्या शेजारी त्यांचा धाकटा चुलतभाऊ बसला होता. बांधावरून दोघांचं वीस वर्षं बोलणं बंद होतं आणि कंपनीपुरतं सुरू झालं होतं. तो म्हणाला की पहिली अट वेगाची लिहा, तासाला किती पोती ते ठरवा. आणि मग पुढे म्हणाला, "मशीन देवीला दाखवायला आनून राह्यलो का मिरची तोडायला?"

अध्यक्षांनी हातातला पाण्याचा स्टीलचा पेला त्याच्या तोंडावर फेकून मारला. भुवई फुटली, रक्त डोळ्यात गेलं. त्यानं तराजूची दांडी उचलली. म्हातारा उठला नाही, बसल्या जागी मान ताठ करून बघत राहिला. दांडी खाली आली ती माझ्या खांद्यावर, कारण मी मध्ये पडलो होतो. दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या गळपट्ट्या धरून भिंतीवर आपटत होती, कोपऱ्यातलं मिरचीचं पोतं फुटलं, सगळी शेड खोकायला लागली. खरं सांगतो, मला त्यात मजा वाटत होती. मारामारी मला कळते. कुणाला कुठं धरायचं, कुणाला ढकलायचं, कुणाला नुसतं नाव घेऊन ओरडायचं. पाच मिनिटांत सगळ्यांना खाली बसवलं आणि चुलतभावाच्या भुवईवर हळद दाबायला लावली.

आता पुढे कसं जायचं, हा प्रश्न होता. तेव्हा एक म्हातारबुवा म्हणाले, "साहेब, लग्नाची यादी करताना आपन काय करतो? आधी थोरल्याचा मान, मंग त्याच्या खालच्याचा. तसे नंबर टाका. भांडनच मिटलं."

मला ते फार आवडलं. इतकी वर्षं मी लोकांना विचारत होतो, ही अट का महत्त्वाची, ती नसली तर काय बिघडेल, आणि भांडणं लावत होतो. इथं एका वाक्यात गाठ सुटली. ज्याचं वय आणि मान मोठा, त्याची अट वर. अध्यक्षांची पूर्व दिशा एक नंबर, चुलतभावाचा वेग दोन, त्यानंतरच्या वडीलधाऱ्याचं मिरची फुटता कामा नये ते तीन. माणसं आपापल्या नंबरावर माना डोलवत गेली. मानपान बराबर झाला होता. एकानं चहा सांगितला.

दहा अटी झाल्यावर दाराकडून आवाज आला. "सायेब, एक माझी बी लिवा." सगळे तिकडे वळले. "माझा हात जिथं असंल, तिथंच मशीन बंद करता आली पाह्यजे." मी म्हणालो, बंद करायचं बटन विजेच्या पॅनेलवर असतं, मागच्या भिंतीला. ती म्हणाली, "मी भिंतीजवळ न्हाई बसनार, तोंडाजवळ बसनार." तिनं चिंध्या बांधलेली बोटं वर केली. "हे चिंधुक आधी जाईल, मंग बोट. मशिनीला काय कळतं, देठ कोन्तं अन् बोट कोन्तं."

चार-दोन जण हसले. अध्यक्ष हसले नाहीत. "लिहा साहेब, बाईचं बी लिहा," असं ते मोठ्या मनानं म्हणाले.

मला त्याच क्षणी माहीत होतं की ती अट एक नंबरची आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तोंडावर एक दोरी टांगायची, ओढली की वीज तुटते. एवढंच काम. आणि तोंड पूर्वेला वळवल्यामुळे पॅनेल तोंडापासून उलट्या टोकाला जाणार, हेही मला दिसत होतं. म्हणजे एक नंबरच्या अटीनं अकराव्या अटीची गरज दुप्पट केली होती. पण तिची अट वर घ्यायची तर आत्ताच पेला फेकलेल्या म्हाताऱ्याला खाली सरकवायला लागलं असतं. पुन्हा सगळं पेटलं असतं. समोर चहा आला होता, सह्यांचा कागद तयार होता. जन्मभर नको तिथं भडकलेला मी, तिथं गोड हसलो आणि लिहिलं: अकरा.

सह्या झाल्या. तिची सही कुणी मागितली नाही, मीही नाही. गाडीत बसताना ती जवळ आली आणि विचारलं, "सायेब, माझं कितवं?"

मी म्हणालो, "यादीत आहे ना ताई, मग झालं."

वर्कशॉपमध्ये मशीन बनत आली तेव्हा आमच्या मिस्त्रीनं यादी वाचली. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस, मला वेल्डिंगचा रॉड धरायला त्यानं शिकवलेलं. तो कागद घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, अकरा नंबरची दोरी आत्ताच टाकून देतो. सकाळी लागलो तर जेवायच्या सुट्टीपर्यंत होते." मी म्हणालो, आधी वरच्या सात. चाचणीचा दिवस अंगारकी चतुर्थीचा धरलाय, अध्यक्षांनी मुहूर्त काढलाय, वेगाची अट अजून बसत नाही. तो गेला आणि परत आला. "अर्ध्या दिवसाचं काम हाये साहेब. तिथं बाई बसनार हाये." मी म्हणालो, यादीत जे आधी तेच आधी. तो म्हणाला, "यादी आपल्या जागी, पन हात..."

तेव्हा मी त्याच्या कानाखाली मारली. सगळ्या पोरांसमोर. चष्मा उडून लोखंडाच्या किसात पडला.

त्यानं चष्मा उचलला, शर्टाच्या टोकानं पुसला, घातला. डबा घेऊन बाहेर गेला आणि न उघडताच परत घेऊन आला. त्या दिवसापासून दोरीचा विषय त्यानं काढला नाही. मी चुकलो हे मला घरी पोचायच्या आत कळलं होतं. पण चूक कबूल करायला तोंड उघडावं लागतं, आणि माझा नुसता हातच चालतो.

अंगारकीला पिंपळगावात शेडला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. मशीन पूर्वेला तोंड करून उभी, तिला हळदीकुंकू, नारळ. मिस्त्री पॅनेलपाशी, मी यादी घेऊन मध्ये, ती बाई तोंडापाशी पाटावर. एक एक अट वाचली, तपासली, खूण केली. सातही पास. वेग तर ठरल्यापेक्षा थोडा जास्तच निघाला. चुलतभावानं अध्यक्षांना पेढा भरवला, माणसांनी टाळ्या वाजवल्या, अध्यक्षांनी ताबा घेतल्याची सही केली. मी पेन खिशात ठेवलं. मिस्त्री हत्यारं आवरायला दाराकडे गेला. तेवढ्यात आणखी पाहुणे आले आणि कुणी तरी म्हणालं, अजून एक घमेलं टाका, यांनाही दाखवा.

तिनं घमेलं ओतलं. मिरची फटीपाशी अडली, तिनं बोटांनी सारली. चिंधीचं टोक रुळात गेलं.

ती ओरडली नाही. शेजारची बाई ओरडली. चिंधी ताणली गेली, तिनं हात मागे ओढला, रुळांनी तो पुढे ओढला. आणि मग ओला लाकडी फोक मोडतो तसा आवाज आला. मी पॅनेलकडे धावलो. नंतर मोजलं, चौदा पावलं. मध्ये पाहुणे, खुर्च्या, पेढ्यांचं ताट. मी माणसं ढकलली, एका म्हाताऱ्याला पाडलं, कुणाच्या तरी पायावर पाय दिला. "बंद करा" म्हणून ओरडत होतो आणि पॅनेलपाशी येऊन उभ्या राहिलेल्या गावातल्या पोराला कोणतं बटन ते कळत नव्हतं. मी अर्ध्यात असतानाच मागं लोखंडावर लोखंड आदळलं. मिस्त्रीनं दारातली पहार उचलून रुळांच्या फटीत खुपसली होती. पहार वाकली, मोटर किंचाळली, जळका वास आला, रूळ थांबले. ती पहार नसती तर मी पोचेपर्यंत मनगट गेलं असतं.

रूळ उलटे फिरवून हात सोडवला तेव्हा मधली दोन बोटं हाताला नव्हती. जखमेत मिरची होती. एवढा वेळ गप्प असलेली ती बाई मिरची लागल्यावर जे ओरडली ते मला अजून ऐकू येतं. नाकाला मिरच्या झोंबल्या असं आपण सहज म्हणतो. मी तेव्हापासून म्हणत नाही.

माझ्याच गाडीत घातलं. मागच्या सीटवर मिस्त्री तिचा हात टॉवेलात धरून, वर उचलून बसला. जालन्याचा रस्ता राजूरवरून जातो आणि अंगारकीला राजूरला गणपतीची गर्दी. मुहूर्त आमचाच होता. गाड्या, बैलगाड्या, चालणारी माणसं, फुलांच्या पाट्या. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. एका ट्रॅक्टरवाल्यानं आडवी ट्रॉली लावली होती. मी उतरलो, त्याला सीटवरून खाली खेचलं आणि तोंडावर दोन ठोसे मारले. त्याचा ओठ फाटला. त्यानं मला मारायला हात उचलला आणि तेवढ्यात गाडीच्या काचेतून टॉवेल दिसला. त्यानं ट्रॉली बाजूला घेतली आणि फाटक्या ओठानं, रक्त थुंकत, गाडीच्या पुढे पळत गर्दी हटवत गेला. राजूर संपेपर्यंत पळाला. मी त्याला थांबून काही म्हणू शकलो नाही.

जालन्यात दवाखान्यात तिला आत नेलं. संध्याकाळी अध्यक्ष आले. टोपी हातात, चेहरा उतरलेला. तसा वाईट माणूस नव्हता. तिच्या पोरांचं काय ते कंपनी बघेल, म्हणाले. मग म्हणाले, "झालं ते वाईटच झालं. पन सात अटी तर पास झाल्यात ना, साहेब?"

मी त्याचा गळा धरला. सत्तरीच्या माणसाला भिंतीला दाबून धरलं, टोपी पायाखाली आली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मला बरं वाटत होतं, कारण आता कुणाला मारायचं ते सापडलं होतं. मिस्त्रीनं मला मागून कवेत धरून ओढलं. त्याचा शर्ट पोटापर्यंत लाल होता. तो ओरडला नाही.

"त्यायला सोडा," तो म्हणाला. "यादी तुमच्या हातची हाये. तुमचा हात बराबर मानसावर कधी पडलाच न्हाई, साहेब."

मी हात सोडला. अध्यक्ष खाली बसून खोकत राहिले. त्यांना पाणी मिस्त्रीनंच दिलं.

आठ दिवस मी दवाखान्यात तिच्यासमोर गेलो नाही. जायचो, दारातून बघायचो आणि परत फिरायचो. नवव्या दिवशी तिनंच बोलावलं. उशाशी सासू बसली होती, तिला तिनं बाहेर पाठवलं. मला वाटलं शिव्या देईल. मी तयारीनं गेलो होतो, शिव्या हव्याच होत्या मला.

तिनं विचारलं, "सायेब, माझं कितवं होतं?"

"अकरावं," मी म्हणालो.

ती बँडेजाच्या हाताकडे बघत राहिली. "म्हंजे दहा बोटं होती तवा बी माझं बोटावर मोजन्यात येत नव्हतं," ती म्हणाली.

मला तिथं रडू आलं. घरात कुणी गेलं तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. रडणं थांबलं तेव्हा ती म्हणाली, कागद आना. आता म्या सांगते तसे नंबर टाका.

मी कागद आणला. एक नंबर दोरी. हात जिथं असेल तिथं. दोन नंबर, फटीवर जाळी, मिरची जाईल पण बोट जाणार नाही अशी. तीन नंबरला ती अडली. मग म्हणाली, तोंड देवीकडं राहू द्या. मी चमकून बघितलं. ती म्हणाली, दिवसभर बसनाऱ्याला मान वळवली की काही तरी बघायला पाह्यजे. वेगाची अट तिनं सातवी घातली. वेग कमी झाला तरी चालेल, म्हणाली, पुन्हा बसायचं आम्हालाच हाये. मी विचारलं, तुम्ही पुन्हा बसणार? तिनं माझ्याकडे असं बघितलं की दुसरं काय करणार हे मला विचारावं लागलं नाही.

खाली सही तिचीच पहिली घेतली. डाव्या हातानं केली, फार वेळ लागला, अक्षरं उताराला लागल्यासारखी खाली गेली. मी तो कागद घेऊन अध्यक्षांकडे गेलो आणि आधी त्यांची माफी मागितली. गळ्यावर माझ्या बोटांचे वळ अजून होते. त्यांनी यादी दोनदा वाचली. आपला एक नंबर तीनवर गेलेला बघितला आणि तिच्या सहीखाली सही केली. चुलतभावानं त्याखाली केली.

दुसऱ्या दिवशी मी आणि मिस्त्री पिंपळगावला गेलो. वाटेत मी त्याला म्हणालो, त्या दिवशी मी तुमच्यावर हात उचलला. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, हो. मी पुढे रेटलं नाही. शेडमध्ये रूळ धुऊन ठेवले होते, तोरणाची पानं वाळली होती. तो नऊ वाजता कामाला लागला. तोंडाच्या वर कप्पी बसवली, दोरी ओढली, वायर पॅनेलपर्यंत नेली, खिळ्यांनी भिंतीला बसवली. मी हाताखाली पकड आणि पाने देत होतो. मग मशीन चालू केली, पाटावर बसला आणि बसल्या जागी दोरी खेचली. रूळ जागच्या जागी थांबले. त्यानं तीनदा करून बघितलं.

मग हात धुतले, पाटावरच डबा उघडला. मला बस म्हणाला नाही. जेवायच्या वेळेला अजून पाव तास होता.